सर्व्हिस गेटची सायकल

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला आमच्या कंपनीने जागतिक सायकल दिन साजरा केला. खरा दिवस 3 जून, संयुक्त राष्ट्रांनी 2018 साली ठरवलेला. पण तो कामाच्या दिवशी येत होता, म्हणून एचआरने आधीचा रविवार पकडला. पहाटे साडेपाचला सगळे मरिन ड्राइव्हला जमले. पोपटी टी-शर्ट, छातीवर कंपनीचा लोगो, पाठीवर ‘पेडल फॉर द प्लॅनेट’. भाड्याच्या गिअरवाल्या सायकली टेम्पोतून आल्या होत्या. पुढे एक गाडी, मागे एक गाडी, ड्रोन, केळी, इलेक्ट्रॉलचं पाणी. सव्वासातला सगळं आटोपलं. आठ वाजता लिंक्डइनवर फोटो होते आणि आमचे एक साहेब ‘मुंबईने सायकल पुन्हा शोधली पाहिजे’ असं लिहून मोकळे झाले होते.

सोमवारी मी माझी स्वतःची सायकल घेऊन ऑफिसला गेलो. लालबागहून प्रभादेवी, तेव्हा एल्फिन्स्टनचा पूल चालू होता, साधारण पंधरा मिनिटांचं अंतर. इमारतीच्या पुढच्या गेटला वॉचमन काकांनी हात आडवा केला.

“साहेब, सायकल इथून नाही. मागे सर्व्हिस गेटला लावा.”

“काका, पार्किंगमध्ये कोपऱ्यात लावतो.”

“सिस्टीम घेत नाही. नंबर टाकावा लागतो.”

मी त्यांच्या टॅबमध्ये डोकावलो. नोंदीच्या फॉर्ममध्ये ‘वाहन क्रमांक’ हा रकाना सक्तीचा होता. तो भरल्याशिवाय पुढचं बटण उमटत नव्हतं. मी स्वतः असे फॉर्म बनवतो, त्यामुळे हे कसं घडतं ते मला नेमकं माहीत आहे. कुणीही ‘सायकलींना बंदी घाला’ असं म्हणालेलं नसतं. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सायकल आलेलीच नसते, एवढंच.

सर्व्हिस गेट म्हणजे कचऱ्याचे डबे, जनरेटर आणि कॅन्टीनचा मागचा दरवाजा. तिथे गेलो तर आधीच सायकलींची रांग होती. इडलीवाल्या अण्णांची, डबेवाल्यांच्या दोन, हाउसकीपिंगच्या पोरांच्या, आणि एक जुनी काळी ॲटलास. ती वॉचमन काकांचीच निघाली. ते शिवडीहून रोज सायकलने येतात. आदल्या दिवशीच्या कार्यक्रमाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हा लेख त्या रांगेबद्दल आहे. आणि जरा माझ्याबद्दलही, कारण या प्रकरणात मी पूर्ण निर्दोष नाही.

---

झालं असं की त्याआधी दीडेक वर्ष मी आणि माझे तीन मित्र रविवारी ‘हेरिटेज राइड’ काढायचो. पाहुण्यांसाठी. पुण्या-बंगलोरहून आलेली माणसं, सुट्टीवर आलेले एनआरआय चुलतभाऊ, कधीमधी एखादं फ्रेंच किंवा जर्मन जोडपं. कुलाबा-फोर्टातून निघणाऱ्या अशा टूर मुंबईत बऱ्याच आहेत, पहाटेच्याही आणि मध्यरात्रीच्याही. आम्ही म्हटलं, गोऱ्या मुंबईपेक्षा आपली मुंबई दाखवू. आमचा एक रूट क्रॉफर्ड मार्केट, भुलेश्वर, खोताची वाडी करत गिरगाव चौपाटीला संपायचा. दुसरा दादरच्या फूलबाजारातून परळ, भारतमाता, लालबागची चिवडा गल्ली, चिंचपोकळी, भायखळा आणि तिथून सरळ सीएसएमटी. गिरण्यांच्या चिमण्या दाखवायच्या, 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपाची गोष्ट सांगायची, चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढू द्यायचे. माझी आई म्हणायची, “आपल्या चाळीत काय बघायला येतात रे? संडासाची रांग?” मी हसून सोडून द्यायचो.

एका रविवारी परळला चौकातून आमचा चौदा-पंधरा जणांचा ताफा वळत होता. ताफा तुटू नये म्हणून मी मध्ये उभा राहून शिट्टी वाजवत गाड्या थांबवत होतो. पोपटी नव्हतं, पण माझ्याही अंगावर चमकणारं जाकीट होतंच. डावीकडून एक पाववाले चाचा आले. मागे कॅरिअरवर माणसाच्या खांद्याएवढा उंच पावाचा गठ्ठा, वर निळं प्लास्टिक, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. मी त्यांनाही हात दाखवला. असा भरलेला गठ्ठा घेऊन थांबणं आणि पुन्हा निघणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्यांनी एक पाय रस्त्यावर टेकवला, सायकल कलली, कशीबशी सावरली. म्हणाले, “सेठ, पाव गरम है. जाने दो.”

मी जाऊ दिलं नाही. पाहुणे जायचे होते.

वर त्यातल्या एका पाहुणीने थांबून त्यांचा फोटो काढला. मग मला विचारलं, ‘हे रोज असं करतात?’ मी मोठ्या अभिमानाने ‘हो’ म्हणालो. मुंबई स्पिरिट वगैरे दोन वाक्यंही जोडली असणार, कारण तेव्हा मी तसं बोलायचो. संध्याकाळी तो फोटो मला टॅग करून आला, तेव्हा त्यात मागे मी दिसत होतो. हात आडवा केलेला, तोंडात शिट्टी. वॉचमन काकांनी माझ्यासमोर धरला तसाच.

---

मुंबईत सायकलीचं जे काही सरकारी आणि निमसरकारी काम गेल्या पंधरा वर्षांत झालंय, ते एकत्र मांडून बघा. सगळीकडे हाच हात दिसतो.

बीकेसीत 2011 च्या सुमारास सायकल ट्रॅक बांधले. जिथे सायकल चालवणारा राहत नाही, जिथपर्यंत सायकलने नीट पोचता येत नाही, अशा जागी ते ट्रॅक आपापसात जोडलेले होते. म्हणजे बीकेसीत कारने या, उतरा, आणि बीकेसीतल्या बीकेसीत सायकल फिरवा. त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, मग ‘कुणी वापरतच नाही’ असं सिद्ध झालं, आणि 2025 मध्ये एमएमआरडीएने गाड्यांना जास्तीची लेन हवी म्हणून ते काढायचा निर्णय घेतला. डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेने एनसीपीए ते वरळी असा सुमारे 11 किलोमीटरचा सायकल मार्ग मोठ्या थाटात सुरू केला. पण कधी? फक्त रविवारी सकाळी. प्लास्टिकचे कोन लावून. अकरानंतर कोन उचलले की मार्ग गायब. 2022 च्या मार्चमध्ये पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ सुरू केलं, ते छानच होतं, मीही गेलो होतो, पण नावातच वार आहे. पवई तलावाच्या कडेने ट्रॅक बांधायला घेतला तो मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला आणि केलेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. तलावाच्या पाण्यात भर घालून सायकल ट्रॅक! पर्यावरणासाठी! तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंड ते सायन असा 39 किलोमीटरचा मार्ग जाहीर झाला होता. या सगळ्या यादीत माणसाला कामावर पोचवू शकेल असा तो एकच, आणि नेमका तोच आजवर अखंड मिळालेला नाही.

तलाव, समुद्र, सी फेस. आमच्याकडे सायकल ट्रॅक म्हटलं की इंजिनिअरच्या आधी फोटोग्राफर आठवतो. सूर्योदय कुठे चांगला दिसतो ते बघून आखणी होते. ना. म. जोशी मार्गावर, सेनापती बापट मार्गावर, आंबेडकर रोडवर सूर्योदय दिसत नाही, तिथे फक्त माणसं कामावर जातात.

आणि मग कोस्टल रोड. सुमारे 14 हजार कोटींचा, 10.58 किलोमीटरचा. पहिला टप्पा मार्च 2024 मध्ये खुला झाला. त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, सायकलला बंदी. बोगद्यात सायकल नको, हे मला मान्य आहे, तो धूर आणि तो वेग माझ्या वैऱ्यालाही नको. पण या एकाच रस्त्याची ही गोष्ट नाही. वांद्रे-वरळी सी लिंक 2009 पासून आहे, सायकल नाही. अटल सेतू जानेवारी 2024 पासून आहे, सायकल नाही. जेजे उड्डाणपुलावर दुचाकीच नाही. या शहरात गेल्या काही वर्षांत जनतेच्या पैशातून झालेल्या मोठ्या रस्त्यांची यादी काढली, तर ती यादी म्हणजे सायकल कुठे कुठे चालत नाही याची यादी होते. अपवाद एकच, इव्हेंट. जानेवारीतल्या मॅरेथॉनला सी लिंक पायी ओलांडता येतो. तेव्हा तो पूल पायी माणसासाठी धोकादायक नसतो, कारण छातीवर नंबर असतो. पुन्हा तोच सक्तीचा रकाना.

कोस्टल रोडला लागून समुद्राकडे विहारक्षेत्र केलंय. ऑगस्ट 2025 मध्ये त्यातला 5.25 किलोमीटरचा भाग लोकांना खुला झाला. आराखड्यात सायकल ट्रॅकही आहे. जागा सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. प्रियदर्शिनी पार्कवरून संध्याकाळी हाजी अलीकडे चालत गेलं की मन निवतं. पण तो ट्रॅक समुद्रापासून समुद्रापर्यंत जातो. त्याला शाळा लागत नाही, स्टेशन लागत नाही, मंडई लागत नाही, केईएम-टाटा लागत नाही. तिथपर्यंत सायकल न्यायची तर आधी तीच सायकल हाजी अलीच्या ट्रॅफिकमधून जिवावर उदार होऊन न्यावी लागेल, किंवा कारच्या मागे बांधून. महापालिकेने मुंबईकराला सायकल चालवायला जागा दिलीय, पण फिरायला, पाहुण्यासारखी.

त्याच ऑगस्टमध्ये वांद्र्यात डबेवाल्यांचं आंतरराष्ट्रीय अनुभव केंद्रही सुरू झालं. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या कामाचं स्मारक झालं याचा मला आनंदच आहे. ती माणसं कमावूनच तिथे पोचलीत. 2003 मध्ये प्रिन्स चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटून गेला, 2005 मध्ये त्याच्या लग्नाचं आमंत्रण आलं, हाजी अलीला पुतळा आहे. आता पर्यटकाला आत जाऊन ‘डबेवाल्याचा अनुभव’ घेता येतो. डबेवाल्याला मात्र लोअर परळ स्टेशनबाहेर सायकल लावायला साधा लोखंडी स्टँड मिळत नाही. विजेच्या खांबाला साखळी घालून, आठ-दहा सायकली एकमेकींना बांधून ते काम भागवतात. फुटपाथ मोकळा करायची मोहीम निघाली की अशा सायकली सगळ्यात आधी उचलल्या जातात, कारण उचलायला त्याच हलक्या असतात.

---

आता जरा माझ्या धंद्याचं.

स्ट्राव्हा नावाचं ॲप तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये असेल. त्याचा हीटमॅप उघडा आणि दक्षिण मुंबईवर या. जिथे लोक जास्त सायकल चालवतात, धावतात, तिथल्या रेषा उजळलेल्या दिसतात. मरिन ड्राइव्ह झगझगतोय. वरळी सी फेस, पेडर रोड, फोर्ट. मग लालबाग-परळच्या आतल्या गल्ल्यांवर या. अंधुक. या नकाशावरून तुम्ही निष्कर्ष काढाल की लालबागमध्ये कुणी सायकल चालवत नाही. जगभरातली शहरं रस्ते आखताना असा डेटा वापरतात, खुद्द स्ट्राव्हा तो ‘मेट्रो’ या नावाने नियोजनकर्त्यांना देते. मी स्वतः आमच्या राइडचे रूट याच नकाशावरून ठरवले होते.

एका मंगळवारी सकाळी मी सात ते आठ भारतमाताच्या सिग्नलला वही घेऊन उभा राहिलो. आकडा देत नाही, एका तासाच्या मोजणीवरून आकडे फेकायची सवय आमच्या क्षेत्राने जगाला लावलीय तेवढी पुरे. पण वहीचं पान भरलं आणि उलटावं लागलं. दूधवाले, पेपरवाले, पाववाले, इडलीवाले, इस्त्रीचे कपडे पोचवणारे, सिलिंडरवाला, एक धारवाला, ज्याच्या सायकलवरच धार लावायचं चाक बसवलेलं असतं. केईएमच्या दिशेने जाणारे वॉर्डबॉय. कॅरिअरवर मुलगी बसवून शाळेत सोडणारे दोन बाप. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं, एकाच्याही हँडलवर फोन लावलेला नव्हता. म्हणजे स्ट्राव्हाच्या लेखी त्या तासात त्या सिग्नलवरून एकही सायकल गेली नाही.

या माणसांना आपण ‘सायकलिस्ट’ म्हणत नाही, हे कधी लक्षात आलंय? वीस लाख सायकलिस्ट हवेत म्हणून मोहिमा काढणारे लोक पाववाल्याला त्यात धरत नाहीत. तो पाववाला असतो. सायकलिस्ट म्हणजे जो हौसेने चालवतो तो. गरजेने चालवणाऱ्याच्या हातात स्कूटर येईल तेव्हा ‘प्रगती झाली’ म्हणायचं, आणि हौसेने चालवणारा कारमधून सायकलवर उतरला की ‘जागृती झाली’. डबेवालेही आता हळूहळू मोटारसायकलवर जाऊ लागलेत. त्यात त्यांचा काय दोष? जो रस्ता सायकलला अपमान वाटेल असा बांधलाय, त्या रस्त्यावर कोण किती वर्षं काढणार?

गंमत अशी की नव्या सायकलसदृश गाड्यांचंही तेच झालं. युलूच्या निळ्या बॅटरीच्या गाड्या बीकेसीत आल्या त्या ऑफिसच्या लोकांसाठी, स्टेशन ते ऑफिस. आज त्या जातीच्या गाड्यांवर मला बहुतेक वेळा डिलिव्हरीची पोरं दिसतात. जिथे ज्याला रोजचं काम आहे तो वाहन ओढून घेतोच. त्याला इव्हेंट लागत नाही.

---

हे लिहितोय म्हटल्यावर मित्रांनी काय काय ऐकवलं ते सांगतो, कारण तुम्हीही तेच म्हणाल.

पहिलं म्हणजे मुंबईत जागा कुठे आहे? या प्रश्नाचा मला फार राग येतो. याच शहराने कोस्टल रोडसाठी समुद्रात भराव घालून 111 हेक्टर जमीन तयार केली. नव्हती तिथे, समुद्र होता, आणली. तेव्हा जागा नसणं हे आमच्या शहरात कारण म्हणून चालत नाही. परळच्या कुठल्याही गल्लीत दोन्ही बाजूंना दिवसरात्र फुकट उभ्या असलेल्या गाड्या मोजा. एका बाजूच्या काढल्या तर दोन मीटरची पट्टी सहज निघते. दोन मीटर हा आकडा मी मनाने घेतलेला नाही, सायकल ट्रॅकला किमान एवढी रुंदी हवी असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. त्या मानकाची पहिली आवृत्ती कधीची आहे? 1962 ची. आणि 2006 चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण म्हणतं की रस्ते गाड्यांसाठी नकोत, माणसांच्या ये-जा करण्यासाठी हवेत. कागद सगळे आहेत.

दुसरं, ऊन, घाम आणि पाऊस. हा आक्षेप एसी ऑफिसवाल्याचा आहे, आणि मी तोच असल्यामुळे मला तो कळतो. मी बॅगेत दुसरा शर्ट ठेवतो. पण हे कारण सांगून पाववाल्याची लेन नाकारता येत नाही. तो जुलैतही येतो. तुम्ही त्याचाच पाव खाता.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, म्हणून त्यावर थांबतो. मैत्रीण म्हणाली, “तू रविवारच्या राइडना का झोडपतोस? मी मध्यरात्रीच्या राइडला पहिल्यांदा आले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा रात्री दोन वाजता रस्त्यावर न घाबरता होते. ते तू काढून घेणार?” नाही घेणार. तिचं खरं आहे. मी पण वयाच्या नवव्या वर्षी तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलीवर, दांड्याखालून पाय घालून, शिवाजी पार्कच्या कडेने शिकलो. सायकलचं पहिलं नातं मौजेचंच असतं. आणि कोलंबियातल्या बोगोटात 1974 पासून दर रविवारी शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद करतात, सिक्लोव्हिया म्हणतात त्याला. रविवारने शहर बदलू शकतं.

पण बोगोटात त्या रविवारचे रस्ते बघा. ते श्रीमंत उत्तरेपासून गरीब दक्षिणेपर्यंत शहराच्या पोटातून जातात, जिथे माणसं राहतात तिथून. पुढे त्याच शहराने शेकडो किलोमीटरचे कायमचे सायकल मार्ग बांधले. कोन उचलले तरी मार्ग उरला. आमच्याकडे रविवार हा सोमवारकडे जाणारा जिना नाही, सोमवारला दिलेला पर्याय आहे. ‘सायकलींसाठी काय केलंत?’ असं विचारलं की मरिन ड्राइव्हचा फोटो दाखवता येतो. प्रत्येक इव्हेंट ही पुढच्या वर्षभराची पावती असते. म्हणून माझा राग इव्हेंटमध्ये भाग घेणाऱ्या माणसावर नाही, पावती फाडणाऱ्यावर आहे. आणि दीड वर्ष मी ती फुकटात फाडून देत होतो.

बरं, हौशी माणूस तरी सुरक्षित आहे का? 28 फेब्रुवारी 2024 ला पहाटे नेरूळच्या पाम बीच मार्गावर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी सायकल चालवत असताना मागून आलेल्या कॅबने त्यांना धडक दिली आणि ते गेले. माझ्या क्षेत्रातलं मोठं नाव, पेंटियमच्या चिपवर काम केलेला माणूस. महागडी सायकल, सोबत ग्रुप, पहाटेची वेळ, रुंद रस्ता. जे जे सांगतात ते सगळं त्यांनी पाळलं होतं. अशा बातमीनंतर चार दिवस हळहळ होते. नाव नसलेला दूधवाला जातो तेव्हा आतल्या पानावर ‘सायकलस्वार ठार’ एवढंच येतं.

---

12 सप्टेंबर 2025 ला एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी शंभर वर्षांहून जुना पूल पाडून तिथे दुमजली पूल होणार आहे. वरच्या मजल्यावरून अटल सेतूवरून आलेली गाडी थेट वरळीला, कोस्टल रोडकडे जाईल. खालच्या मजल्यावर आम्ही, परळ-प्रभादेवीचे. इतकं स्पष्ट चित्र मी काढलं असतं तर लोक म्हणाले असते, अतिशयोक्ती करतोस.

तेव्हापासून माझे पंधरा मिनिटांचे अर्धा तास झालेत. करी रोडच्या पुलावरून मध्य रेल्वे ओलांडायची, मग डिलाईलच्या पुलावरून पश्चिम रेल्वे. डिलाईलचा पूलही 2018 ते 2023 बंदच होता, तेव्हा आमच्या भागाने पाच वर्षं वळसे घातले, कुणी ड्रोन उडवला नाही. आता सगळी वाहतूक उरलेल्या पुलांवर आलीय आणि त्यात सायकल म्हणजे बसच्या चाकाशेजारी वाहणारं पान. परळच्या बाजूची इडली-पाववाली मंडळी काय करतात ते मी बघितलं. काही जण सायकल खांद्यावर घेऊन रेल्वेच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या चढतात. त्याच परिसरात 29 सप्टेंबर 2017 ला पुलावरच्या चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली होती. तिथे गर्दीत सायकल खांद्यावर.

पायऱ्यांच्या कडेने सायकलचं चाक बसेल एवढी लोखंडी पन्हळ लावायला किती खर्च येतो? विचारा एखाद्या लालबागच्या फॅब्रिकेटरला, तो तिथल्या तिथे माप घेईल. मी मोठं काही मागत नाहीये. नव्या पुलाच्या खालच्या मजल्यावर, अजून पूल बांधून व्हायचाय तोवरच, दोन्ही बाजूंना दोन मीटर. स्टेशनांबाहेर लोखंडी स्टँड. पादचारी पुलांना ती पन्हळ. यातल्या एकाही गोष्टीचं उद्घाटन करायला मंत्री येणार नाही, आणि बहुतेक म्हणूनच त्या होत नाहीत.

---

हेरिटेज राइड मी बंद केली. मित्र अजून काढतात, आमचं त्यावरून भांडण झालं, मग मिटलं. आता ते निदान ताफा पाच जणांचाच ठेवतात आणि शिट्टी वाजवत नाहीत. सर्व्हिस गेटला मीही रुळलो. काकांनी माझ्यासाठी त्यांच्या ॲटलासशेजारची जागा धरून ठेवायला सुरुवात केलीय, जनरेटरच्या मागे, पावसाचं पाणी येत नाही तिथे. इडलीवाले अण्णा एकदा माझ्या सायकलची चेन बघून म्हणाले की एवढ्या पैशात हिला मडगार्ड पण नाही दिलं का.

मागच्या आठवड्यात एचआरचा मेल आला. यंदाही सायकल दिन करायचाय, थीम आहे ‘मुंबईची सायकल संस्कृती’. पोस्टरसाठी डबेवाल्याचा किंवा पाववाल्याचा चांगला, हाय रिझोल्यूशन फोटो कुणाकडे असेल तर पाठवा. मी उलट टपाली विचारलं की यंदा कार्यक्रम ऑफिसपासून सुरू होणार असेल तर सायकली कुठल्या गेटने आणायच्या.

दहा मिनिटांत उत्तर आलं. त्या दिवसापुरती मेन गेटने परवानगी काढलीय, काळजी नसावी. टी-शर्टची साइज कळवा.

मी एक्स्ट्रा लार्ज लिहिलं. काकांना मोठी लागते.